पेंढा भरलेलं रेडकू

नातीला भरवताना बघून मला मळमळलं, हे मी सुनेला सांगितलं नाही. पुण्यात पोचून मला तासही झाला नव्हता. आल्या आल्या सासूनं नाक मुरडलं असं व्हायला नको, म्हणून पाण्याचा ग्लास हातात धरून मी गप बसून राहिले.

शर्वरी चार वर्षांची. उंच खुर्चीत तिला पट्ट्यानं बसवलेलं आणि समोरची अख्खी भिंत उजळलेली. भिंतीवर ढब्बू. ढब्बू म्हणजे म्हशीचं रेडकू, कपाळावर पांढरा चांद, पोट सुटलेलं, एक कान दुमडलेला. ढब्बू शर्वरीकडे बघत रवंथ करत होता. कचर, कचर, कचर, गुळुक. माझी सून केतकी एकीकडे फोनवर ऑफिसचं बोलत होती आणि दुसरीकडे चमचा पुढे नेत होती. पोरगी आईकडे बघत नव्हती आणि चमच्याकडेही बघत नव्हती. चमचा ओठाला लागला की तोंड उघडायचं आणि मिटायचं. मग तिचा जबडा ढब्बूच्या जबड्याबरोबर चालायला लागायचा. त्यानं गिळलं की तिचा गळा हलायचा. तो थांबला की ती थांबायची. वाटीत काय होतं, ते तिला शेवटपर्यंत कळलं नसावं. दुधीची भाजी कालवलेला भात होता, आणि दुधी न थुंकणारं चार वर्षांचं पोर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आणि तो कचर कचर आवाज माझा होता.

म्हणजे खरोखरच माझा. पन्नास वर्षांपूर्वी ढब्बूचं बोलणं, हसणं, शिंकणं, ढेकर, चावणं, सगळं मी केलेलं आहे. मी रत्नमाला पोवार, मुक्काम कोल्हापूर. वडिलांच्या म्हशी होत्या, त्यामुळे म्हशीचं रेकणं मला लहानपणीच जमायचं. तरुणपणी ऑर्केस्ट्रात मी गाणी कमी म्हटली आणि जनावरांचे आवाजच जास्त काढले. तिथं चौगुले मास्तरांनी मला हेरलं. मास्तर सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. रविवारी सकाळी टीव्हीवर आपलं मराठी कार्टून दाखवायचं, असं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. हाताशी तीन पोरं, एक कॅमेरा आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला वाकळा लावलेली एक खोली, एवढाच संसार.

कार्टूनमध्ये जनावराला पळवायचं तर चित्रं काढून काढून कंबरडं मोडतं. बोलवायचं तर ओठांची वेगवेगळी चित्रं लागतात. रवंथ करायला मात्र चारच पुरतात. तीच चार पुन्हा पुन्हा फिरवायची. म्हणून आमचा ढब्बू गोठ्यात बसून रवंथ करायचा आणि मनातल्या मनात बोलायचा. संकट आलं की आधी पोटभर रवंथ, मग उपाय. लोकांना तो मोठा विचारवंत वाटायचा. खरं तर आमची चित्रं संपलेली असायची.

तो रवंथ मी माइकसमोर करायचे. काकडी, ऊस, ओला हरभरा, भाजलेले शेंगदाणे. मास्तर हेडफोन कानाला लावून ऐकायचे आणि वैतागायचे, "रत्ना, हा शेंगदाणा माणसाचा झाला. मला म्हशीचा पाहिजे. आडवा चाव!" गुरं जबडा वरखाली हलवत नाहीत, बाजूला सरकवतात. मीही तसा सरकवायला शिकले. अजून जांभई दिली की उजवीकडचं हाड वाजतं.

ढब्बू काही वर्षं राजासारखा जगला. डब्यांवर ढब्बू, दप्तरांवर ढब्बू, गणपतीच्या देखाव्यात ढब्बू. मग त्याची दशा फिरली. परदेशी कार्टून चोवीस तास दिसायला लागली, तेव्हा हा दंतमंजन विकायला लागला. मग डासांची उदबत्ती. एका निवडणुकीत त्यानं समोरच्या उमेदवाराचं चिन्ह चावून खाल्लं. मास्तर गेल्यावर तर त्याला कुणी धनीच उरला नाही. एका मॉलच्या दारात कुणी तरी घामेजलेला माणूस ढब्बूचं कातडं घालून पोरांशी हात मिळवत उभा असलेला मी बघितला, आणि पुढं पेंडीच्या पोत्यावर त्याचा चेहरा बघितला. तेव्हा वाटलं, बरं झालं, घरी आला बिचारा. पण हातपाय पसरून मरणं काही त्याच्या नशिबात नव्हतं. घासघर नावाच्या कंपनीनं त्याला विकत घेतलं, आणि आता तो साडेचार लाख घरांत पोरांना भरवत होता.

"आई, बघितलंत?" केतकी रिकामी वाटी दाखवत म्हणाली. "एक शीतसुद्धा ठेवलं नाही. तुमचा ढब्बू म्हणजे देवमाणूस आहे."

"रेडकू हाय ते," मी म्हणाले.

ती हसली. मीही हसले, कारण सून हसली की सासूला हसावं लागतं.

मी पुण्यात आले होते त्याचं निमित्तही ढब्बूच होता. घासघरच्या निनाद सहस्रबुद्ध्यांनी मला बोलावलं होतं. त्यांना माझ्याकडून नवे आवाज हवे होते. हल्लीची पोरं असलं काही तरी खातात, जे आमच्या वेळी कोल्हापुरात मिळत नव्हतं आणि मी माइकसमोर चावलं नव्हतं. मला बरं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. म्हातारपणी कुणी तरी आपल्याला बोलावतंय, तेही गाडी पाठवून.

सहस्रबुद्धे पन्नाशीचे, गोरे, सारखे हसणारे. भेटल्याबरोबर वाकून पाया पडले. "रत्नमालाताई, माझं बालपण तुम्ही आहात," असं म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. माणूस वाईट नव्हता. हेच मला अजून सोसवत नाही.

मी विचारलं, "हे होतं तरी कसं?" त्यांनी मला शेजारी बसवून नीट समजावून सांगितलं.

चावायचा हुकूम मेंदूच्या बुंध्यातून निघतो. चालण्यासारखीच त्याला एक लय असते. दोन माणसं बोलत बोलत बरोबर चालायला लागली की थोड्या वेळानं त्यांची पावलं आपोआप जुळतात. चावण्याचंही तसंच. लहान पोरांत तर हे जास्त, कारण ती खायला शिकतातच मुळी समोरच्याचं तोंड बघून. भिंतीतला कॅमेरा पोराच्या गालाची हालचाल टिपतो. आधी ढब्बू पोराच्या लयीत चावतो. लय जुळली की तो केसभर पुढं सरकतो, आणि पोर त्याच्या मागून जातं. मग घास किती वेळ चावायचा आणि कधी गिळायचा, हे ढब्बू ठरवतो.

"आम्ही आधी कॉम्प्युटरनं तयार केलेला चावण्याचा आवाज वापरून पाहिला," ते म्हणाले. "मुलं दोन मिनिटांत मान फिरवायची. जिवंत जबडा मधेच अडखळतो, श्वास घेतो, दाढेत अडकलेलं जिभेनं काढतो. ते मुलांना बरोबर कळतं. मग कुणी तरी ढब्बूचे जुने भाग काढले. ताई, जगातल्या कुठल्याही कार्टूननं इतकं चावलेलं नाही!"

मास्तरांच्या चार चित्रांची ही कमाई.

"आणि पोट भरलं की?" मी विचारलं.

"पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला पंधरावीस मिनिटं लागतात. ढब्बू त्याच्या आत जेवण उरकतो."

"त्याच्या आधीच निरोप आला तर?"

"आला तरी ऐकू जात नाही. दोघं एकदम बोलायला लागले तर आपण ओळखीच्या आवाजाचं ऐकतो ना, तसं."

मग त्यांनी मला काचेपलीकडची खोली दाखवली. तिथं एक मुलगा जेवत होता. शेजारी त्याची आई. ढब्बू म्हणत होता, आणि आवाज माझा होता, पण हे वाक्य मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, ते मशीननं माझ्या आवाजात जुळवलेलं. "हा घास बाबांचा. हा घास मामाचा. हा घास आबांचा." आबांचा म्हटल्यावर त्या बाईचा चेहरा हलला. पोरानं आईकडे पाहिलं आणि तोंड मोठं उघडलं.

"आबा म्हणजे?"

"तिचे वडील. गेल्या वर्षी वारले. नावं घरचेच देतात." सहस्रबुद्धे हळू आवाजात बोलत होते, देवळात बोलावं तसं. "आपलीच रीत आहे ना, एक घास चिऊचा, एक काऊचा. आम्ही फक्त मोजून पाहिलं. गेलेल्या माणसाच्या नावाचा घास मुलं सहसा नाकारत नाहीत. आईचा चेहरा बदलतो, ते त्यांना दिसतं."

तोवर ढब्बू पुढं गेला होता. "आणि हा घास पुष्टीबाळचा!" वाटीतल्या गुलाबी लगद्याचं ते नाव. मेलेल्या म्हाताऱ्याच्या पाठोपाठ डबाबंद लगदा, एकाच दमात, माझ्या आवाजात. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं.

मी म्हणाले, "साहेब, आमच्या गल्लीत कुणाचं रेडकू मेलं, तर त्याच्या कातड्यात पेंढा भरायचे. ते म्हशीपुढं ठेवायचे. म्हैस त्याला चाटत बसायची आणि पान्हा सोडायची. माणसं खालून दूध काढून घ्यायची. मला ते बघवायचं न्हाई. मी तिथनं पळून जायचो."

"म्हणजे तत्त्व जुनंच आहे!" सहस्रबुद्धे खूश झाले. "हे मला माहीतच नव्हतं. किती सुंदर उदाहरण दिलंत."

मी रेकॉर्डिंगला नाही म्हणाले. त्यांना वाईट वाटलं, पण आग्रह केला नाही. गाडीपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "हरकत नाही, ताई. तुमचा जबडा आमच्याकडे आहेच."

दुसऱ्या दिवशी अभिजित, माझा मुलगा, आणि केतकी दोघंही कामावर गेले. शर्वरीला जेवायला घालायचं माझ्याकडे होतं. मला तिला मांडीवर घेऊन भरवायचं होतं, पण मांडीवर ती नुसती बसून राहिली. घास ओठाला लावला तरी ओठ उघडेनात. रडणं नाही, हट्ट नाही, मान फिरवणं नाही. बंद पडलेल्या मिक्सरमध्ये काही घालावं तसं. शेवटी उंच खुर्चीत बसवली आणि भिंत लावली.

मी घास देत गेले आणि ती घेत गेली. वाटी संपली तरी ढब्बू थांबेना. माझ्या शेजारी भाताचं पातेलं उघडं होतं. ते त्या कॅमेऱ्याला दिसत होतं आणि अन्न दिसतंय तोवर ढब्बू थांबत नाही, हे मला मागाहून कळलं. मला वाटलं, पोरीला भूक असेल, म्हणून मी अजून वाढलं. मग एकाएकी तिच्या अंगाला झटका बसला आणि सगळं बाहेर आलं. कपड्यांवर, खुर्चीवर, माझ्या हातावर.

ढब्बूनं दोन्ही कान उभे केले. "वा गं माझी राणी!" माझ्याच आवाजात तो म्हणाला. "तोंड रिकामं! आता पुढचा घास कुणाचा?"

हनुवटीवरून ओक गळत असताना शर्वरीनं तोंड उघडलं.

भिंत बंद करायचं बटण मला सापडेना. मी भिंतीवर थापा मारल्या, वायर शोधली, शेवटी घरातला मेनस्विचच खाली ओढला. मग तिला उचलून न्हाणीघरात नेलं, धुतलं, कोरडं केलं. इतक्या वेळात ती एकदाही रडली नाही. मला रडू फुटलं आणि रागही आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही. मी तिचं पोट चोळत विचारलं, "शरू, पोट भरलं होतं व्हय तुझं? मग सांगायचं न्हाईस काय आज्जीला? भूक होती का न्हवती?"

तिनं खरंच विचार केला. मग अंधाऱ्या भिंतीकडे बोट केलं.

"ढब्बूला विचार," ती म्हणाली.

संध्याकाळी मी घर डोक्यावर घेतलं. ढब्बूला, घासघरला, सहस्रबुद्ध्यांना, पुण्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. अभिजित म्हणाला, "आई, हळू बोल. पातेलं उघडं ठेवलंस तू. ती सूचना पहिल्याच पानावर आहे."

"सूचना वाचून पोर जेवू घालायची असती काय रे? तुला मी सूचना वाचून वाढवला काय?"

केतकी बोलली तेव्हा तिनं आवाज चढवला नाही. "आई, तुम्ही शर्वरीला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा ती इस्पितळातल्या काचेच्या पेटीतून बाहेर आली होती. मी त्याआधीची पाहिली आहे. नाकात नळी होती. नळी काढल्यावर दोन वर्षं प्रत्येक घास ती थुंकायची. माझ्या तोंडावर थुंकायची. मी ताट घेऊन आले की ती घाबरायची, आई. माझी मुलगी मला घाबरायची. आणि एक दिवस ढब्बू आला आणि ती जेवली. तिच्या अंगावर जे मांस आहे ना, ते तुमच्या चावण्यावर चढलेलं आहे."

केतकी खरं बोलत होती. मी म्हणाले, "चढलं ते बरंच झालं, बाळा. पण आता तिची भूक तिला परत दे की."

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर तू सांगशील तसं."

खूप घासाघीस झाली. शेवटी ठरलं की सुट्टीत शर्वरीनं माझ्याबरोबर कोल्हापूरला यायचं. रोज डॉक्टरांना दाखवायचं, वजन उतरलं तर प्रयोग बंद. केतकीनं माझ्या फोनमध्ये ढब्बू घालून दिला. "वापरू नका," ती म्हणाली, "पण असू दे." पोरीला गाडीत बसवताना केतकीचा हात सुटत नव्हता.

कोल्हापुरात पोरगी ताटापुढं बसायची आणि ताटाकडे बघायची. पाणी प्यायची, दूध पुढं केलं तर थोडं दूध. घास मात्र नाही. आमच्या गल्लीतले डॉक्टर खोत रोज तपासायचे आणि म्हणायचे, "पोरगी ठणठणीत आहे, रत्नाक्का. तुमचाच बीपी वाढलाय." पण ताटातली भाकरी वाळत चाललेली बघून माझा जीव खालीवर व्हायचा. केतकीचा फोन आला की मी पोरीच्या दुधाचं वर्णन असं करायचे, जसं काही ती पंगतीत बसून जेवलीय.

एकदा गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर तिला घेऊन गेले. म्हशी उभ्या होत्या, लोक ताज्या धारेच्या दुधासाठी पेले धरून होते. एका म्हशीच्या पुढ्यात रेडकू बांधलेलं, वैरण चघळत. मला वाटलं, खरं रेडकू बघून पोरगी हरखेल. ती त्याच्यासमोर उभी राहिली. तिनं त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही, शेपटीकडे पाहिलं नाही. तोंडाकडे पाहिलं. आणि तिचा जबडा हलायला लागला. आडवा. तोंडात काही नसताना. दूध काढणारा गडी हसून म्हणाला, "काय खातंय वो पोरगं?" मी तिला उचललं आणि घरी आले.

त्या संध्याकाळी मी हरले. फोनमधला ढब्बू उघडला नाही, पण ती काही बढाई नव्हे. भाकरी दुधात कुस्करली, तिच्यासमोर मांडी घातली आणि जबडा बाजूला सरकवला. कचर, कचर, कचर. इतक्या वर्षांनी तो आवाज जसाच्या तसा आला. पोरीचे डोळे लागलीच माझ्या तोंडावर चिकटले. तोंड उघडलं. घास गेला. मी चावलं, तिनं चावलं. मी गिळलं, तिनं गिळलं. वाटी संपली. मला आनंद झाला पाहिजे होता. पण तिचे ते डोळे! आजीच्या चेहऱ्यात आजी नव्हतीच, फक्त एक भोक होतं, ते हलत होतं. मोरीत जाऊन मी चूळ भरली, दात घासले, पुन्हा चूळ भरली. तरी तोंड स्वच्छ वाटेना.

सकाळी उठल्या उठल्या ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

तेव्हा मी ठरवलं की हिला माझं चालतं तोंड पुन्हा दाखवायचं नाही. मी माझं जेवण दार लावून, भिंतीकडे तोंड करून उरकायला लागले. आणि दुसरं ठरवलं ते त्याहून अवघड होतं. विचारायचं नाही. आमच्याकडे माणूस भेटलं की "कसं काय?" विचारत नाहीत, "जेवला काय?" विचारतात. उत्तर काहीही असो, वर "चला, दोन घास खावा" म्हणतात. शेजारच्या बायकांना मी हात जोडून सांगितलं, पोरीला खाण्याचं काही बोलू नका. त्यांना वाटलं, म्हातारी नातीला उपाशी मारतेय. एकीनं तसं तोंडावर म्हटलंही. मी ऐकून घेतलं. खालच्या फळीवर भाकरी, गूळ, शेंगदाणे, केळी उघडी ठेवली आणि त्यांच्याकडे न बघता घरात हिंडत राहिले. इतकं खोटं काम मी रंगमंचावरही केलेलं नाही.

शेंगदाणे कमी व्हायला लागले. उंदीरही असेल, म्हणून मी मनाला आवर घातला. मग एका दुपारी मी भांडी पुसत असताना ती आली. तिचा हात पोटावर होता, कपाळाला आठी होती.

"आज्जी, इथं काही तरी ओढतंय."

"दुखतंय?"

"नाही. ओढतंय."

तिला शब्द माहीत नव्हता. चार वर्षांची पोर, आणि भुकेशी तिची गाठ आज पडत होती. मी काही न बोलता वाटीत दूध-भाकरी कुस्करून, वर गूळ घालून तिच्यापुढं ठेवली आणि जरा लांब, पाठ अर्धी वळवून बसले. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते.

तिनं हात घातला. दूध कोपरापर्यंत ओघळलं. एक घास खाल्ला, मग बराच वेळ खिडकीतल्या कावळ्याकडे बघितलं. दुसरा तोंडात धरून ठेवला. तिसरा चपचप वाजवत खाल्ला. मग गुळाचा खडा शोधून तेवढाच खाल्ला. कसलीही लय नाही, ताल नाही, शिस्त नाही. असं घाणेरडं जेवण मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते संपूच नये असं मला वाटत होतं. अर्धी वाटी झाली. तिनं हात चाटला आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

"नको," ती म्हणाली.

याच एका शब्दासाठी मी पुण्याहून तिला आणलं होतं, केतकीची झोप उडवली होती, गल्लीची बोलणी खाल्ली होती. मी वळले, वाटी उचलली. काठाशी भाकरीचा एक मोठा तुकडा उरला होता. माझ्या हातानं तो उचलला आणि माझ्या तोंडातून आलं,

"एवढा एकच, बाई माझी."

माझ्या आईचं वाक्य. तिच्या आईचंही असणार. ते म्हणताना माझा आवाज आपोआप मऊ झाला होता, लाडीगोडीचा, ढब्बूचा.

शर्वरी थांबली. तिची नजर माझ्या हातावर आली, तिथून वर माझ्या तोंडावर आली आणि तिथं चिकटली. तिचे ओठ सुटे झाले. तोंड उघडायला लागलं.

मी तो घास माझ्या तोंडात कोंबला. ती बघत होती, म्हणून चावला नाही. तुकडा मोठा होता, एका बाजूनं कडक होता. जबडा आवळून धरला आणि तसाच गिळला. घशात तो आडवा बसला. डोळ्यांतून पाणी आलं, छातीत कळ आली, पण मी दात हलू दिले नाहीत. तिनं थोडा वेळ वाट बघितली. माझ्या तोंडात काहीच होईना.

तिनं तोंड मिटलं, फ्रॉकला हात पुसले आणि बाहेर खेळायला गेली.